चेहऱ्यावरचा डाग: ट्यूब घेण्याआधी काय बघायचं

"वांगावर काहीतरी चांगलं द्या ना." मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून हे वाक्य मी आठवड्यातून चार-पाचदा तरी ऐकते. कुणी संपलेल्या ट्यूबच्या खोक्याचा फाडलेला तुकडा पुढे करतं, कुणी नणंदेने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो. डाग कसला, कधीपासून आहे, कशाने वाढतो असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते जाऊ द्या हो, तिला यानेच गुण आला." तिला आला असेलही. पण तिचा डाग आणि तुमचा डाग एकच, हे कुणी ठरवलं?

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. हा लेख वाचून निदान होणार नाही. पण पहिल्यांदाच डागाच्या मागे लागलेल्या माणसाने सुरुवात कुठून करायची, पैसे कशावर घालवायचे नाहीत आणि कोणती ट्यूब हातातून खाली ठेवायची, एवढं नक्की सांगता येईल.

रंग येतो कुठून

त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य बनवतात आणि आजूबाजूच्या पेशींना वाटून देतात. हे मेलॅनिन म्हणजे पेशींच्या डोक्यावर धरलेली छत्रीच. गोऱ्या आणि सावळ्या माणसात या रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते, फरक पडतो तो त्या किती आणि कसा रंग बनवतात यात. आपल्याकडच्या त्वचेतल्या रंगपेशी तशा तापट. ऊन लागलं, मुरूम फुटला, भाजलं, घासलं, गर्भारपणात संप्रेरकं बदलली, की त्या जास्तीचा रंग ओततात.

हा रंग वरच्या थरात राहिला तर डाग तपकिरी दिसतो. वरचा थर तरुणपणी साधारण २८ दिवसांत नवा होतो, वय वाढेल तसा त्याला जास्त वेळ लागतो. रंग खालच्या थरात उतरला तर डाग राखाडी, निळसर दिसतो आणि तिथे मलमाचा फारसा जोर चालत नाही. म्हणून "आठ दिवसांत फरक" असं खोक्यावर लिहिलं असेल तर एवढंच समजा, की त्वचेच्या घड्याळाला खोका वाचता येत नाही.

आधी डाग ओळखा

सकाळी तोंड धुऊन, काही न लावता, खिडकीजवळ उभे राहा. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने तीन फोटो घ्या: समोरून, डावीकडून, उजवीकडून. पुढचा कॅमेरा बहुतेक फोनमध्ये परस्पर चेहरा गुळगुळीत करतो, त्याच्यावर विसंबू नका. आता फोटो बघा.

दोन्ही गालांवर, कपाळावर, नाकावर किंवा वरच्या ओठावर जवळजवळ सारख्या आकाराचे तपकिरी चट्टे असतील, खाज नसेल, तर ते बहुधा वांग. बायकांमध्ये हे कितीतरी जास्त दिसतं. गर्भारपणात किंवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असताना येतं किंवा वाढतं, आणि आईला असेल तर मुलीला येण्याची शक्यता असते. पण पुरुषांना येत नाही असं नाही. दिवसभर दुचाकीवर फिरणारे, शेतात किंवा बांधकामावर राबणारे कितीतरी जण हाच चेहरा घेऊन येतात आणि "मिसेससाठी पाहिजे" असं सांगून क्रीम मागतात.

जिथे मुरूम होता तिथेच ठिपका उरला असेल, तर तो मुरुमाचा डाग. मुरूम येणं चालूच असेल तर डागावर खर्च करू नका, आधी मुरूम थांबवा. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. आणि फोडू नका, हे मी रोज सांगते आणि रोज कुणीतरी माझ्यासमोरच हनुवटी खरवडत असतं.

मान, काख किंवा जांघ काळी आणि मखमलीसारखी जाडसर झाली असेल तर तो मळ नाही. आया पोरींच्या माना घासून घासून लाल करतात, बिचाऱ्यांना शाळेतही बोलणी बसतात. अशा मानेमागे बरेचदा शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याचं कारण असतं. मलमाआधी उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) तपासा, वजन बघा. वजन उतरलं की मानही हळूहळू उजळते.

पाठीच्या वरच्या भागावर, दंडांवर, नडग्यांवर रेघारेघांचा काळेपणा असेल तर न्हाणीघरात बघा. नायलॉनची जाळीदार घासणी दिसेल. वज्री टाचांसाठी आहे, पाठीसाठी नाही. अशा घासण्याने त्वचा काळी पडते, मग काळी दिसते म्हणून माणूस आणखी जोरात घासतो. घासणी टाकून देणं हा इथला पहिला उपचार, आणि तो फुकट आहे.

कपाळाच्या कडेला, कानांजवळ, मानेवर राखाडी काळेपणा पसरत असेल तर केसांचा रंग बदलल्याची तारीख आठवा. केसांच्या काळ्या रंगात आणि झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत असणारं पीपीडी नावाचं रसायन पुष्कळांना बाधतं. भेसळीच्या कुंकवानेही कपाळावर काळा डाग पडतो. टिकलीची गोष्ट उलटी: तिच्या गोंदातल्या रसायनाने काही जणींना टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो.

ताप आणि सांधेदुखीनंतर नाक काळं पडलं असेल तर चिकुनगुन्या होऊन गेला असण्याची शक्यता मोठी. डॉक्टरमंडळींत याला 'चिक साइन' म्हणतात. साथीच्या दिवसांत अशी नाकं रांगेत दिसतात. बहुतेकांचं नाक काही महिन्यांत आपोआप पूर्ववत होतं, सनस्क्रीन सोडून काही लागत नाही.

गालांवर मोहरीएवढे काळे उंचवटे असतील, आईलाही असतील, तर ते निरुपद्रवी असतात. ते क्रीमने जात नाहीत. नको असतील तर त्वचेचे डॉक्टर काही मिनिटांत जाळून काढतात. बोटांच्या सांध्यांवर काळेपणा, सोबत थकवा आणि हातापायांना मुंग्या असतील, त्यातून तुम्ही पक्के शाकाहारी असाल, तर बी-१२ तपासून घ्या.

आता ज्यात थांबायचं नाही ते. तिळाचा आकार, कडा किंवा रंग बदलतोय, रक्त येतंय. तळहातावर, तळपायावर किंवा नखाखाली नवी काळी रेघ किंवा डाग आलाय. हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळ्या पडून वजन उतरतंय. डागाला बधिरपणा आहे. यापैकी काहीही असेल तर मेडिकलमध्ये येऊ नका, सरळ दवाखान्यात जा.

ऊन: उपचाराचा अर्धा भाग इथेच

वांगावर कितीही महागडं औषध लावलं आणि ऊन अंगावर घेतलं, तर पैसे उन्हातच वाळत घातले समजा. मार्च ते मे या काळात महाराष्ट्रात दुपारचा अतिनील निर्देशांक १० च्या वर जातो. पावसाळ्यात ढग असले तरी अतिनील किरण खाली येतातच. खिडकीची काच त्यातला यूव्हीबी अडवते, यूव्हीए बराचसा आत सोडते, म्हणून गाडीत किंवा बसमध्ये खिडकीशी बसणाऱ्याचीही सुटका नाही.

सनस्क्रीन घेताना दोन गोष्टी वाचा: एसपीएफ ३० किंवा ५०, आणि पीए (यूव्हीए किती अडतो ते सांगणारी खूण) पुढे निदान तीन अधिक चिन्हं. एसपीएफ ३० नीट लावलं तर यूव्हीबीचे साधारण ९७ टक्के अडतात, ५० ने ९८ टक्के. म्हणजे १०० चा आकडा बघून दुप्पट पैसे मोजण्यात हशील नाही. वांगासाठी मात्र त्वचेच्या रंगाची छटा असलेलं, ज्यात लोहाचं ऑक्साइड असतं असं सनस्क्रीन मिळालं तर तेच घ्या. डोळ्याला दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतं आणि पांढऱ्या सनस्क्रीनला तो उजेड फारसा अडवता येत नाही. मोबाइलच्या पडद्याच्या उजेडाची धास्ती घेऊ नका, उन्हापुढे तो काहीच नाही.

खरी मेख आहे ती किती लावायचं यात. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून तळापर्यंत दोन रेघा, एवढं चेहऱ्याला आणि मानेला लागतं. वजनात ते एक ग्रॅमच्या थोडं वर जातं. आता हिशेब करा: दिवसातून एकदा लावलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्याच्या आत संपायला हवी. आमच्याकडे एक बाई वर्षातून दोनदा सनस्क्रीन नेतात आणि दर वेळी सांगतात, "रोज लावते, पण काही उपयोग नाही." लावतात त्या खरंच. पण अष्टगंधासारखं.

बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटं लावा, आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. घाम पुसला, तोंड धुतलं तर पुन्हा. हे परवडत नाही असं वाटत असेल तर महागडं सीरम बाद करा, सनस्क्रीन ठेवा. आणि कपड्याला कमी लेखू नका. पुण्यात मुली दुचाकीवर स्कार्फ गुंडाळतात त्याची टिंगल होते, पण घट्ट विणीचा, गडद रंगाचा स्कार्फ फार कामाचा. पातळ पांढऱ्या ओढणीतून ऊन आत येतं. गच्चीवर वाळवणं घालायची ती सकाळी लवकर घाला, मोठ्या काठाची टोपी घालून घाला. शेजारीण हसेल, हसू द्या.

जी ट्यूब खाली ठेवायची ती

इथे थोडं थांबून वाचा. "गोरं करणारी", "आठ दिवसांत डाग घालवणारी" म्हणून तोंडोतोंडी पसरलेल्या कितीतरी ट्यूबमध्ये तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. या त्रिकुटाचं मूळ १९७५ साली क्लिगमन आणि विलिस यांनी मांडलेल्या सूत्रात आहे. सूत्र वाईट नाही. आजही त्वचेचे डॉक्टर ते वांगासाठी देतात, पण मोजून काही आठवडे, तपासण्यांसह, आणि मग बंद करून.

आपल्याकडे ते वर्षानुवर्षं कोल्डक्रीमसारखं लावलं जातं. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरंच उजळतो, तिथेच माणूस फसतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, मुरूम येतात, ओठांच्या वर लव वाढते. ट्यूब एक दिवस चुकली की आग आणि लाली, म्हणून पुन्हा ट्यूब. भारतात हे इतकं दिसतं की इथल्याच त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला 'स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा' अशा अर्थाचं इंग्रजी नाव दिलं. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायच्या १४ स्टेरॉइडांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जात नाहीत का? जातात. मी ज्या दुकानात शिकले तिथे मीही विकली आहेत, तेव्हा कुणी विचारलं नाही आणि मीही विचार केला नाही.

ओळखायचं कसं? खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन: अशी '-सोन', '-सॉल', '-लोन' शेपटी दिसली की ते बहुधा स्टेरॉइड. आरएक्सचं चिन्ह आणि शेड्यूल एचची सूचना असेल तर ते सौंदर्यप्रसाधन नाही, औषध आहे. आधीच महिनोन् महिने लावत असाल तर घाबरून एका झटक्यात फेकूनही देऊ नका, चेहरा उसळतो. ट्यूब पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. ते टप्प्याटप्प्याने सोडवतात.

दुसरा धोका बिननावाच्या, पत्ता नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममधला पारा. पारा रंग बनवणारं विकर अडवतो, म्हणून चेहरा उजळतो, आणि त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाचं वाटोळं करतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडं अशा क्रीमने बिघडल्याची बातमी आली होती. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातही असेच रुग्ण सापडले. क्रीमवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर फुकट मिळालं तरी घेऊ नका. पार्लरमध्ये बिनलेबलच्या डबीतून काढून देतात त्यालाही हेच लागू.

घरच्या घरी काय चालेल

जायफळ दुधात सहाणेवर उगाळून वांगावर लावायचं, हे आपल्या आज्यांनी सांगितलेलं. थोडं लावून आग होत नसेल तर हौस म्हणून लावा, पण रोज घासू नका आणि भरवसा ठेवू नका. बेसन-हळद-सायीने त्वचा मऊ होते, वांग जात नाही. लिंबू मात्र अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे नवा काळा डाग राहतो. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टबद्दल बोलायलाही नको.

नव्या माणसाने सुरुवात एवढ्याच गोष्टींनी करावी: सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. दोन आठवडे फक्त हे. चेहरा शांत झाला की सकाळी ४-५ टक्क्यांचं नायसिनामाइड किंवा व्हिटॅमिन सी, यातलं एक. रात्रीसाठी अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड १० टक्के हे मला सगळ्यात समंजस औषध वाटतं: मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं, आणि गर्भारपणातही डॉक्टर ते देतात. सुरुवातीला थोडं चुरचुरतं, म्हणून आधी एक रात्र सोडून एक रात्र. मुरूम असतील तर डॉक्टर अ‍ॅडापलीन देतील, ते वाटाण्याएवढंच लागतं, पूर्ण चेहऱ्याला मिळून. गर्भारपणात किंवा दिवस राहण्याचा विचार असेल तर ते आणि ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन बंद.

काहीही नवीन आणलं की आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तीन रात्री लावून बघा. एका वेळी एकच नवी गोष्ट. यूट्यूब बघून एकाच रविवारी पाच बाटल्या उघडणाऱ्या मुली मग लाल चेहऱ्याने येतात, आणि पाचातल्या कोणत्या बाटलीने हे केलं ते ना त्यांना सांगता येतं ना मला. सावळ्या त्वचेवर आग झाली की मागे डाग राहतोच. डाग घालवताना डाग ओढवून घेण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

डॉक्टरांकडे कधी, आणि कोणत्या

तीन महिने नीट करूनही फरक नसेल, डाग राखाडी-निळसर असेल, किंवा काय आहे तेच कळत नसेल, तर जा. पाटीवर एमडी, डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी त्वचाविषयातली पदवी आहे का बघा. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' हा नुसता शब्द पाटीवर कुणीही लिहू शकतो. खर्च नको असेल तर ससून, केईएम, सायन, नायर, घाटी, नागपूरचं मेडिकल, अशा सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत त्वचेची ओपीडी असते. तिथे पाटीवर 'त्वचा व गुप्तरोग' असं असतं, ते वाचून काही बाया दारातूनच मागे फिरतात. फिरू नका, रांगेतल्या बहुतेकांना खाज, गजकर्ण आणि वांगच असतं.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, चालू गोळ्यांची नावं आणि ते फोटो न्या. वांगासाठी ट्रानेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्याही देतात. त्या रक्त गोठण्याशी संबंधित आहेत, म्हणून पायात गुठळी झालेली असेल, घरात तसा इतिहास असेल किंवा कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा. त्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर कधीही मागू नका, मी देणार नाही. आणि कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांमुळे वांग आलं असं वाटलं तरी त्या परस्पर बंद करू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून पर्याय निवडा.

पील आणि लेझर ही पहिली पायरी नाही. पीलने वरचा थर काढतात, योग्य हातात मुरुमांच्या डागांना चांगला उपयोग होतो. वांगावरचं लेझर मात्र जपून: आपल्या त्वचेवर त्याच्या उष्णतेनेच वांग उलटून जास्त गडद होऊ शकतं, कधी पांढरे ठिपके पडतात. सहा बैठकांचं पॅकेज पहिल्याच भेटीत गळ्यात मारत असतील तर "विचार करून सांगते" म्हणा आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

किती दिवस

दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो घ्या. मधल्या दिवसांत आरशात डाग मोजत बसू नका. वरच्या थरातला डाग ८ ते १२ आठवड्यांत फिका पडताना दिसतो, खोल डागाला वर्षही लागतं. गर्भारपणातलं वांग बाळंतपणानंतर पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप कमी होतं, तोवर सनस्क्रीन आणि सबुरी पुरते.

वांग पूर्ण 'बरं' होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते दबतं, आणि उन्हाळ्यात मान वर काढतं. म्हणून डाग गेल्यावर रात्रीची औषधं डॉक्टरांना विचारून कमी करा, सनस्क्रीन मात्र तसंच चालू ठेवा. ट्यूब उघडाल त्या दिवशी तिच्या बुडाशी पेनाने तारीख लिहा. दीड महिन्यानंतरही ती अर्धी भरलेली असेल, तर नवीन औषध मागायला येण्याआधी दोन बोटं आठवा.